अण्णांची ड्युटी बाराला संपली नव्हती

प्रश्न : माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, महामार्ग पोलिसांत सहायक फौजदार होते. पुणे-बंगळूर महामार्गावर रात्रीच्या नाकाबंदीत भरधाव ट्रकने त्यांना उडवले. वय ५२. ड्युटी बारापर्यंत होती, पण बदलीचा माणूस आला नाही म्हणून ते थांबले. अपघात १२.४० ला झाला. आता कार्यालयात सांगतात की हा मृत्यू ‘ड्युटी संपल्यानंतरचा’ आहे. पाच महिने उलटून गेले. आई भरपाईचा दावा करू देत नाही. ‘त्यांच्या जिवाचे पैसे मला नकोत,’ म्हणते. माझं लग्न झालंय, धाकटा भाऊ वीस वर्षांचा, कॉलेजात आहे. चुलते म्हणतात, अनुकंपाची नोकरी मुलालाच मिळते, तू हक्कसोडपत्रावर सही कर. अण्णांचा मोबाईल अजून पोलीस ठाण्यात जमा आहे, त्यात त्यांचा आवाज आहे. गावाने चौकात त्यांचा अर्धपुतळा बसवायचं ठरवलंय. मी कुठून सुरुवात करू?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. बदलीचा माणूस आला नाही म्हणून जो रस्त्यावर उभा राहतो, त्याच्या नावापुढे ‘ड्युटी संपली होती’ असं लिहिलं जाणं मला सहन होत नाही. तुम्हालाही होऊ नये. पुतळा, जमीन, नोकरी हे सगळं त्यानंतर. सुरुवात त्या चाळीस मिनिटांपासून करा. ती कागदावर खरी लागली पाहिजेत, कारण पुढचं बरंच काही त्यांच्यावर उभं आहे.

कायदा इथे तुमच्या बाजूने स्पष्ट बोलतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम २८ प्रमाणे रजेवर किंवा निलंबित नसलेला प्रत्येक पोलीस अधिकारी त्या अधिनियमाच्या सर्व प्रयोजनांसाठी सदैव कर्तव्यावर असल्याचं मानलं जातं. अण्णा रजेवर नव्हते, निलंबित नव्हते. शिवाय ते गणवेशात, नेमून दिलेल्या जागी, नेमून दिलेलंच काम करत होते. ड्युटी तक्त्यावरचा बाराचा आकडा हा कामाच्या वाटपाचा आकडा आहे. बदलीचा माणूस येऊन उभा राहीपर्यंत नाकाबंदी सोडून निघून जाणं हीच उलट कसुरी ठरली असती. कारकुनाने तोंडी काय सांगितलं ते सोडून द्या आणि हाच मुद्दा लेखी मांडा.

त्यासाठी लागणारे कागद आजच मागायला घ्या. त्या रात्रीचा ड्युटी वाटप तक्ता, महामार्ग मदत केंद्राच्या स्टेशन डायरीतल्या नोंदी, बदलीच्या कर्मचाऱ्याच्या हजेरीची नोंद, नियंत्रण कक्षाला गेलेल्या वायरलेस संदेशांची नोंदवही, गुन्ह्याची फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल. फिर्याद बहुधा बरोबर असलेल्या एखाद्या अंमलदाराने दिली असेल. त्यात ‘नाकाबंदी कर्तव्य बजावत असताना’ असे शब्द असतील, तर अर्धं काम तिथेच झालं. जे कागद सहज मिळत नाहीत त्यांच्यासाठी माहिती अधिकारात अर्ज करा. वायरलेसच्या नोंदी आणि टोलनाक्यांवरचं सीसीटीव्ही चित्रण फार काळ जपून ठेवलं जात नाही, म्हणून ते जतन करण्याची विनंती वेगळ्या पत्राने, पोच घेऊन करा. त्या रात्री अण्णांबरोबर असलेल्या सहकाऱ्यांना भेटा. ते दबून राहतील, पण ज्याच्या बरोबरीने रात्री काढल्या त्याच्यासाठी खरं बोलणारी माणसं या खात्यात आहेत, असा माझा अनुभव आहे.

हे सगळं जोडून विभागाच्या पोलीस अधीक्षकांना निवेदन द्या. अण्णा जिल्हा पोलीस दलातून महामार्गावर नेमले गेले असतील, तर मूळ घटकाच्या अधीक्षकांनाही प्रत द्या. कर्तव्याशी थेट संबंध असलेल्या मृत्यूसाठी नेहमीच्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा वेगळी, असाधारण कुटुंब निवृत्तिवेतनाची तरतूद आहे. तिचा प्रस्ताव पाठवावा अशी स्पष्ट मागणी त्यात करा. नकार आला तर तो लेखीच मागा. लेखी नकाराविरुद्ध महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये, साधारण एक वर्षाच्या आत जाता येतं. तोंडी नकाराविरुद्ध मात्र कुठे उभं राहणार?

दरवर्षी २१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिनी वर्षभरात कर्तव्यावर जीव गेलेल्या पोलिसांची नावं संचलनात वाचली जातात. १९५९ साली त्याच दिवशी लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्ज इथे चिनी सैन्याच्या गोळीबारात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दहा जवान मारले गेले, त्यांच्या आठवणीचा हा दिवस. अण्णांचं नाव यादीसाठी पाठवलंय का, हे त्याच निवेदनात विचारा. नाही पाठवलं तर का नाही, याचं उत्तर मागायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

आता सगळ्यात तातडीची गोष्ट, कारण तुम्ही पाच महिने उलटल्याचं लिहिलं आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करावा, अशी तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) मध्ये १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. तिला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयात आहेत, तरी त्यांच्या भरवशावर एक दिवसही थांबू नका. पोलिसांनी अपघाताचा सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो आणि तो अहवालच अर्ज म्हणून धरता येतो. पण तो गेला का, कधी गेला, याची खात्री तुमच्या हातात नाही. अर्ज तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही चालतो, अपघाताच्या जागी खेटे घालावे लागत नाहीत.

आईंचं म्हणणं मला कळतं. नवरा गेल्यावर त्याच्या बदल्यात आकडा मोजायचा ही कल्पनाच अंगावर काटा आणते. त्यांना घाई न करता हे सांगा : हा दावा अण्णांच्या जिवाची किंमत ठरवत नाही. ज्याने बेदरकारपणे ट्रक चालवला त्याची चूक होती आणि अण्णांची नव्हती, हे एक न्यायालय पुरावा तपासून लिहून देतं. फौजदारी खटला वेगळा चालेल. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण तो वर्षानुवर्षं चालतो आणि साक्षीदार फिरतात. दाव्यात मात्र अण्णा कोण होते, काय काम करत होते, घर कसं चालवत होते, हे सगळं नोंदीवर येतं. तरीही आई सही करायला तयार नसतील, तर तुम्ही आणि भावाने अर्ज करून त्यांना सामनेवाले करता येतं. त्यांच्या वाट्याची रक्कम त्यांच्या नावाने बँकेत राहील. कधी घ्यायची ते त्यांनी ठरवावं.

रक्कम कशी काढतात ते सांगतो, म्हणजे कोणी चार-पाच लाखांत तडजोडीचा कागद पुढे केला तर तुम्ही बधणार नाही. समजा कर वजा जाता अण्णांचा पगार महिना ६० हजार होता. वर्षाचे झाले ७ लाख २० हजार. पन्नास ते साठ वयाच्या कायम नोकरदारासाठी भविष्यातल्या वाढीचे १५ टक्के मिळवायचे, हे २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने ठरलं. झाले ८ लाख २८ हजार. त्यातून स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा केला की उरतात ५ लाख ५२ हजार. ही वर्षाची रक्कम वयानुसार ज्या आकड्याने गुणतात तो गुणक. ५१ ते ५५ वयाला तो ११, हा सरला वर्मा निकालाचा तक्ता. गुणाकार ६० लाख ७२ हजार. यावर अर्ज केल्याच्या तारखेपासून व्याज. विमा कंपनीचा वकील म्हणेल की निवृत्तीला सहाच वर्षं उरली होती, तेवढ्यापुरताच हिशेब करा. गुणक असा तोडणं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पुट्टम्मा प्रकरणात नापसंत केलं आहे. ‘कुटुंबाला पेन्शन मिळतंय, नोकरीही मिळणार, मग भरपाई कशाला’ असंही विचारलं जाईल. त्यालाही उत्तर आहे. निवृत्तिवेतन, भविष्य निर्वाह निधी, विमा आणि अनुकंपा नोकरी या भरपाईतून वजा करायच्या नाहीत, असं २०१३ च्याच विमल कंवर निकालात आहे.

पत्नीला सहवास गमावल्याची आणि मुलांना वडिलांची माया, मार्गदर्शन गमावल्याची स्वतंत्र रक्कम मिळते. लग्न झालं म्हणून मुलगी यातून बाहेर पडत नाही. तुम्ही आर्थिकदृष्ट्या अवलंबून नसलात तरी कायदेशीर प्रतिनिधी म्हणून अर्जात तुमचं नाव असलंच पाहिजे. आजी हयात असतील तर त्यांचंही. मुलाच्या मागे राहिलेली आई अशा वेळी सगळेच विसरतात, आणि वारसा कायद्यात ती पत्नी-मुलांच्या बरोबरीने पहिल्या वर्गातली वारस असते.

चुलत्यांचं म्हणणं एकेक करून पाहू. अनुकंपा नोकरी मुलालाच मिळते हे चूक आहे. विवाहित मुलीला वगळणं मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये अपर्णा झांबरे प्रकरणात रद्द ठरवलं. राज्य शासनाच्या २१ सप्टेंबर २०१७ च्या एकत्रित शासन निर्णयातही पती किंवा पत्नी, मुलगा, मुलगी (अविवाहित आणि विवाहित) असा पात्रतेचा क्रम दिला होता. नोकरी मात्र एकालाच मिळते. इतरांची ना हरकत लागते आणि नोकरी घेणाऱ्याला कुटुंबाचा सांभाळ करण्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. ही नोकरी वारसाहक्काने येत नाही. कुटुंबावर एकाएकी आलेलं आर्थिक संकट निभावण्यासाठी ती असते, असं सर्वोच्च न्यायालय १९९४ पासून सांगत आलं आहे. म्हणून ‘हक्क कुणाचा’ असा वाद घरात घालू नका. आईजवळ कोण राहणार, घर कोण चालवणार, शिक्षण कुणाचं अर्धवट राहील, हे सगळ्यांनी बसून ठरवा. माझं मत विचाराल तर भावाला पदवी पुरी करू द्यावी आणि तुम्ही अर्ज करावा. पण हा निर्णय तुमच्या घराचा आहे. मुदतीच्या भरवशावर थांबू नका. अर्ज लांबला की कुटुंबाला गरज नव्हती असा अर्थ काढला जातो. प्रतीक्षा यादीतलं नाव बदलायची वेळ आली, तर यादीतल्या बदलावरची बंदी उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२४ मध्ये अयोग्य ठरवली आहे, एवढं लक्षात ठेवा.

हक्कसोडपत्रावर सही करू नका. निदान आता तरी नाही. भावाच्या नोकरीसाठी तुमची ना हरकत आणि जमिनीवरचा तुमचा हिस्सा सोडणं, या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकाच दिवशी, एकाच टेबलावर, एकाच गठ्ठ्यात पुढे येतात तेव्हा सावध व्हा. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मागे फिरवणं फार अवघड असतं. अण्णांच्या मिळकतीत तुम्ही, भाऊ, आई आणि असल्या तर आजी समान हिस्सेदार आहात. वडिलोपार्जित जमिनीत तर २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मानेच सहहिस्सेदार आहे. उद्या तुम्हाला मनापासून भावाला हिस्सा द्यावासा वाटला तर जरूर द्या. बहिणी देतात, आणि त्यात वाईट काही नाही. पण ते वर्षश्राद्धानंतर, स्वतःचा वकील घेऊन. सध्या तलाठ्याकडे सगळ्या वारसांची नोंद लावून घ्या. कुटुंब निवृत्तिवेतन या वाटणीत येत नाही, ते आईंचं आहे. त्यावर चुलत्यांचा, तुमचा किंवा भावाचा दावा नाही.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही. अण्णांचा पगार ज्या बँकेत जमा व्हायचा तिथे पोलिसांसाठीच्या पगार खात्यावर बहुधा अपघाती विमा असतो. त्याच्या सूचनेची मुदत लहान असते आणि कुटुंबाला ते कोणी सांगत नाही. मृत्यूचा दाखला घेऊन उद्याच शाखेत जा आणि लेखी अर्ज द्या.

मोबाईल. तुम्ही पत्रात त्यावर एकच ओळ लिहिली, पण मला वाटतं ती सगळ्यात जड होती. मुद्देमाल म्हणून जमा झालेली वस्तू खटला संपेपर्यंत कपाटात पडून राहिली पाहिजे असं नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ आणि ५०३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला, की छायाचित्रं काढून, पंचनामा करून, सुपुर्तनाम्यावर, म्हणजे मागितल्यावर परत हजर करण्याच्या लेखी हमीवर, ती वारसांना देता येते. मुद्देमाल विनाकारण ठाण्यात सडत ठेवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई देसाई प्रकरणात बजावलं आहे. तपास अधिकाऱ्यांना फोनमधला काही भाग पुराव्यासाठी हवा असेल तर त्यांनी त्याची प्रत काढून ठेवावी. अर्जात ‘मयताच्या आवाजाची ध्वनिमुद्रणं कुटुंबासाठी मौल्यवान आहेत आणि बंद पडून राहिल्यास फोन निकामी होण्याची भीती आहे’ हे वाक्य जरूर घाला. दंडाधिकारीही कुणाची तरी मुलं असतात. हातात आल्यावर फोनमधलं काहीही पुसू नका आणि सिम बंद करू नका. घड्याळ, पाकीट, अंगठी जमा असेल तर त्याच अर्जात मागा.

राहिला पुतळा. गावाची माया मोठी आहे, पण चौकातली जागा चुकीची आहे. सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या जागांवर पुतळ्यांना परवानगी देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश आहे. पुतळ्यासाठी जिल्हाधिकारी स्तरावरची परवानगी लागते, नुसता ग्रामपंचायतीचा ठराव पुरत नाही. विनापरवाना बसवलेला पुतळा प्रशासनाने हलवला, तर तो हलवायला येतील ते पोलीसच. ती वेळ तुमच्या आईवर येऊ देऊ नका. सरपंचांना सांगा की ग्रामसभेत ठराव करून गावच्या वाचनालयाला किंवा शाळेच्या अभ्यासिकेला अण्णांचं नाव द्या. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली तिथे बसतील. फलकावर मजकूर एवढाच असू द्या : नाव, हुद्दा, जन्म आणि मृत्यूची तारीख, आणि ‘महामार्गावर नाकाबंदी कर्तव्य बजावत असताना’. हा फलक अधीक्षकांचं लेखी उत्तर हातात आल्यावरच कोरायला द्या.

दाव्याच्या अर्जासाठी फिर्याद, पंचनामे, शवविच्छेदन अहवाल, शेवटची पगारपत्रकं, सेवापुस्तकाची प्रत, सर्व वारसांची आधार कार्डं आणि ट्रकच्या विमा पॉलिसीचा तपशील लागेल. यातलं एखादं मिळालं नसेल तरी अर्ज अडवून ठेवू नका, ते मागाहून जोडता येतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आईंना बरोबर घेऊन जा.