शाळेतल्या ग्रंथपालाचा मुलांना खरंच काही उपयोग होतो का?

तुमची मुलगी आठवीत आहे, प्रकल्प सगळे मोबाइलवरून उतरवून काढते, शाळेत ग्रंथालय आहे पण त्याला बहुतेक वेळा कुलूप असतं. मग ग्रंथपाल नेमतात कशाला, असं तुम्ही विचारलंय.

कुलपाचं आधी सांगते, कारण ते खोटं नाही. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका शाळेत मी एकोणीस वर्षं अर्धवेळ ग्रंथपाल आहे. शाळेत असते अर्धा दिवस, त्यात कुणी शिक्षक रजेवर असले की वर्गावर मी, परीक्षा आली की सुपरव्हिजनला मी. शिवाय दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक जिथे नोंदतात तिथे, जितकी पुस्तकं आहेत तितकी मोजणीत भरली नाहीत तर जाब ग्रंथपालाला. त्यामुळे पुस्तकं कपाटात आणि किल्ली पर्समध्ये, हा आमच्या पेशातला जुना रोग. पहिली चार वर्षं मीही तेच केलं. मग दोन कपाटं उघडी ठेवायला लागले. वर्षाला दहाबारा पुस्तकं जातात. जातात म्हणजे कुणाच्या तरी घरी असतात. (आमच्या मुख्याध्यापकांना सांगू नका.)

आता प्रकल्पाचं. नववीच्या वर्गाला एकदा ‘१९७२चा दुष्काळ’ हा विषय होता. वह्या जमा झाल्या तेव्हा तीन मुलांचा पहिला परिच्छेद शब्द न् शब्द सारखा, आणि एकाने तर सुवाच्य अक्षरात, खाली रेघ मारून ‘अधिक वाचण्यासाठी येथे क्लिक करा’ हेही लिहून काढलेलं. सरांनी वही माझ्यापुढे टाकली आणि आम्ही दोघंही हसलो. पण त्या पोराची तरी काय चूक? त्याला विषय दिला होता, प्रश्न कुणी दिलाच नव्हता.

त्याच वर्गातली एक मुलगी वही न देता माझ्याकडे आली. म्हणाली, “मॅडम, दुष्काळाचं पुस्तक द्या.” मी विचारलं, दुष्काळाचं काय हवंय? गप्प. घरी कुणी तो दुष्काळ बघितलाय का? “आजीनं बघितलाय. ती सारखी मिलोचं सांगते.” मिलो म्हणजे काय, ते हिने मोबाइलवर शोधलं होतं आणि चॉकलेटच्या पावडरीचा डबा निघाला होता. आजी म्हणत होती की मिलोची भाकरी लाल व्हायची आणि घशाखाली उतरायची नाही. चॉकलेटची भाकरी कशी असेल, यावर पोरगी अडली होती.

तिथून पुढचे दोन आठवडे फार मजेत गेले. आमच्याकडे ड्युईच्या दशांश पद्धतीने, म्हणजे प्रत्येक विषयाला एक आकडा देऊन, पुस्तकं लावली आहेत. त्या पद्धतीत दुष्काळ एका जागी बसत नाही. पाऊस ५५१ला, शेती ६३०ला, इतिहास ९५४ला, म्हणजे तीन कपाटं. मिलो सापडला शेतीच्या कपाटात, ज्वारीवरच्या एका जुन्या पुस्तिकेत. ती ज्वारीचीच एक जात, त्या काळात परदेशातून आलेली. पुस्तिका हातात धरून पोरगी जवळजवळ ओरडलीच. त्या दिवसापासून तिला मी मागे लागण्याची गरज उरली नाही.

मग रोजगार हमीकडे वळलो. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना, दुष्काळात तिचा विस्तार, १९७७चा कायदा, हे विश्वकोशात आणि जुन्या कात्रणांत मिळालं. आजीने खडी फोडली होती, बंडिंगवर, म्हणजे बांध घालायच्या कामावर, माती वाहिली होती, दुष्काळात वाटायचे ती सुकडी, म्हणजे कोरडं पौष्टिक खाणं, खाल्ली होती. आजीचं बोलणं कसं टिपायचं तेवढं मी शिकवलं. आधी तारीख, मग तिचेच शब्द, आपल्या मनचं काही घालायचं नाही, आणि कळलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचं. शेवटी साताऱ्याचं १८८५चं गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेला जिल्ह्याच्या माहितीचा ग्रंथ, उघडलं. ते आता संगणकावर फुकट बघता येतं. इंग्रजी जड, म्हणून एकेक ओळ दोघींनी मिळून लावली. त्यात १८७६चा दुष्काळ आहे आणि त्या वेळी काढलेली कामंही आहेत. ज्या राजेवाडीच्या तलावाकडे ती मामाच्या गावाला जाताना एसटीतून बघायची, तो त्याच दुष्काळातल्या कामांपैकी, हे तिला तेव्हा कळलं. मग तिने स्वतःच प्रश्न काढला: शंभर वर्षांच्या अंतराने दोन दुष्काळ पडले, दोन्हीत सरकारने लोकांना खडी फोडायलाच का लावलं? नववीच्या पोरीचा प्रश्न आहे हा. याचं उत्तर मला अजूनही नीट देता येत नाही.

ग्रंथालयशास्त्रात, भारतात या शास्त्राचा पाया घालणाऱ्या रंगनाथन यांची पाच सूत्रं आम्हाला पाठ करायला लावतात, १९३१ची. त्यातलं चौथं, वाचकाचा वेळ वाचवा. शाळेत मी ते बिनदिक्कत मोडते. पुस्तक कुठे आहे ते मला माहीत असतं, तरी मी बोट दाखवते ते कपाटाकडे, पुस्तकाकडे नाही. मुलगा आडवी मान करून पुठ्ठ्यांवरची नावं वाचत सरकतो, तेव्हा हव्या त्या पुस्तकाच्या शेजारचं पुस्तक त्याच्या हाताला लागतं.

वाचनाची गोडी लावण्यात मात्र मी बऱ्याचदा तोंडावर आपटले आहे. सातवीतला एक मुलगा रोज लांब सुट्टीत यायचा आणि भुतांची पुस्तकं मागायचा. १३३.१, तो आकडाही त्याला पाठ झाला होता. एके दिवशी मला वाटलं, आता याला काही चांगलं द्यावं. एका थोर माणसाचं जाडजूड चरित्र दिलं, वर छोटं भाषणही दिलं. पुस्तक दोन दिवसांत परत आलं आणि मुलगा सहा महिने फिरकला नाही. शेवटी मीच बाजारात त्याला गाठलं आणि म्हटलं, नवीन भुतं आलीत. आला. त्यानंतर कुणाच्या आवडीला मी नाक मुरडलेलं नाही. पंधरा ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, फोटो काढून वर पाठवायचे असतात, तेही आम्ही करतो. पण पोरं वाचायला लागतात ती दुसऱ्या पोराच्या हातात पुस्तक बघून. म्हणून परत आलेलं पुस्तक मी लगेच कपाटात ठेवत नाही. टेबलावरच पडू देते, आणि कुणी आणून दिलं तेही सांगते.

तुमच्या मुलीसाठी एवढं करून बघा. प्रकल्प जमा करायच्या आदल्या दिवशी तिला ग्रंथालयात पाठवू नका, त्या दिवशी आमच्याकडे नुसती झुंबड असते. विषय मिळाल्या मिळाल्या जाऊ दे. जाताना विषयाचं नाव नको, एक अडलेला प्रश्न घेऊन जाऊ दे, घरातल्या माणसांच्या बोलण्यातून आलेला असला तर उत्तमच. कुलूप दिसलं तर ग्रंथपाल कुठल्या वर्गावर आहेत ते शिपाईमामांना विचारायचं आणि तास संपेपर्यंत दाराशी थांबायचं. अशी दाराशी थांबलेली मुलगी दिसली की मी तरी चहा सोडून किल्ली काढते. आणि सुट्टीत काहीच हाती नसेल, तर बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट आहेत. मोबाइल हातात असणारच आहे, तर ते उघडून द्या.