शिक्षण वाढलं, तरी काम करणाऱ्या बायकांचं प्रमाण का घटतं?

तुमचा प्रश्न असा आहे की मुली जास्त शिकू लागल्या, घरांची मिळकत वाढली, तरी श्रमशक्तीतला, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या लोकांतला, बायकांचा सहभाग काही ठिकाणी वाढण्याऐवजी घटलेला का दिसतो. आकडे चुकतात, की बायकांनाच काम नको असतं?

आकड्यांवरची शंका अगदीच बिनबुडाची नाही, म्हणून आधी तिच्याबद्दल. मी दोन वर्षं घरोघर फिरून सर्वेक्षणाचे फॉर्म भरले. ‘काय काम करता?’ विचारलं की बाई म्हणायची, ‘काही नाही, घरीच असते.’ आणि तोंडाने हे सांगताना हात नवऱ्याच्या धंद्याच्या मालाला लेबलं लावत असायचे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मापाने आठवड्यातून तासभर जरी पैशासाठी किंवा घरच्या धंद्यासाठी काम केलं तरी माणूस रोजगारात धरला जातो. मी खोदून विचारलं तर ती मोजली जायची. संध्याकाळी पाय दुखायला लागल्यावर मी किती खोदलं असेल, ते विचारू नका. त्यात याच संघटनेच्या परिषदेतल्या 2013 च्या ठरावाने फक्त घरच्यापुरतं धान्य पिकवणं हे ‘काम’ मानलं, पण ‘रोजगार’ नाही. बाई तीच, कष्टही तेच, आणि तरीही नव्या व्याख्येत ती रकान्याबाहेर.

पण घट फक्त मोजणीतली नसते. क्लॉडिया गोल्डिन यांना 2023 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते बायकांचं काम आणि कमाई यांचा गुंता उकलण्यासाठी. अमेरिकेची सुमारे 200 वर्षांची कागदपत्रं चाळून त्यांनी दाखवलं की विवाहित बायकांच्या सहभागाचा आलेख इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा जातो. काम शेतात आणि घरात होतं तेव्हा सहभाग जास्त होता. कारखाने आले, काम उंबरठ्याबाहेर गेलं, तसा तो घसरला. विसाव्या शतकात सेवाक्षेत्र वाढलं तेव्हा पुन्हा चढला. तुम्ही म्हणता ती घट बऱ्याचदा या ‘यू’च्या तळाकडची असते.

तळाशी काय होतं, तर नवऱ्याची कमाई घर चालवण्याइतकी होते आणि बाईला मिळू शकणारं काम अंगमेहनतीचं, कमी पैशाचं असतं. अशा कामाला बायको पाठवणं घराला कमीपणाचं वाटतं. शिकलेल्या मुलीला ते काम नको असतं आणि शिक्षणाला शोभेल असं काम जवळपास नसतं. म्हणून मला ‘बायकांना कामच नको’ हे वाक्य ऐकलं की राग येतो. समोर आलेलं काम नाकारणं वेगळं आणि कामच नको असणं वेगळं. शिवाय नाकारणारी नेहमी तीच असते असंही नाही. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात अनेक ठिकाणी लग्न झालं की शिक्षिकेला नोकरीवरून काढायचे, तसे लेखी नियमच होते.

मूल झाल्यावर तर हिशेब उघडच असतो. पाळणाघराचा खर्च आणि प्रवास वजा जाता पगारातून काय उरतं? कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने 1997 मध्ये दिवसाला पाच डॉलरमध्ये पाळणाघर द्यायला सुरुवात केली, आणि लहान मुलांच्या आयांचा सहभाग ठळकपणे वाढला. जर्मनीत उलट आहे. तिथे नवरा-बायकोचं उत्पन्न एकत्र धरून कर आकारतात, त्यामुळे कमी कमावणाऱ्याच्या पहिल्या युरोवरही चढा दर बसतो. तो कमी कमावणारा बहुतेक वेळा कोण, ते सांगायला नकोच.

एक खाच अजून. शोधून शोधून थकलेला माणूस शोधणंच सोडतो, तेव्हा तो बेरोजगारांत मोजला जात नाही, श्रमशक्तीतूनच वजा होतो. बेरोजगारीचा दर त्यामुळे खाली येतो आणि बातमी चांगली वाटते.

तुम्ही आकडे पाहणारच असाल तर 15 वर्षांवरच्या सगळ्यांचा दर बाजूला ठेवा. त्यात कॉलेजातली पोरं आणि निवृत्त लोकही येतात, त्यामुळे शिक्षण लांबलं किंवा समाज म्हातारा झाला तरी तो घसरतो. 25 ते 54 वयाचा दर काढा, आणि त्यातल्या किती जणींना स्वतःच्या हातात पगार मिळतो ते वेगळं बघा.