जुनी सेलबोट, क्लबची हँडिकॅप रेस: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही चार मित्र गेले काही सीझन दुसऱ्यांच्या बोटींवर क्रू म्हणून जातोय, आता स्वतःची जुनी बोट घ्यायचा विचार चाललाय, बजेट बेताचंच आहे. आमच्याकडे रेस पीएचआरएफ हँडिकॅपवर होतात, म्हणजे हळू बोटीला वेळेची सूट मिळते. दोन बोटी बघून ठेवल्यात, एक जे/२४, रेटिंग १७०, दुसरी कॅटलिना २७, रेटिंग २०६. आमच्यातला एकजण म्हणतो २०६ वालीच घ्या, बसल्याजागी वेळेची सूट मिळतेय तर सोडायची कशाला. खरंच असं असतं का?

उत्तर: तुमच्या मित्राचं गणित कागदावर बरोबर आहे, घोडं पेंड खातं ते पाण्यावर. पीएचआरएफ रेटिंग म्हणजे नॉटिकल मैलामागे सेकंद, आकडा जितका मोठा तितकी बोट हळू. तुमच्या दोन बोटींत फरक ३६ चा, म्हणजे ५ मैलांच्या रेसमध्ये १८० सेकंद. तुम्ही कॅटलिना घेतली आणि जे/२४ तुमच्या आधी तीन मिनिटांपेक्षा कमी अंतराने पोचली तर रेस तुमची. इथपर्यंत ठीक. पण हे रेटिंग ठरवताना कमिटी असं धरून चालते की बोटीचं बूड स्वच्छ आणि गुळगुळीत आहे, शिडं चांगली आहेत आणि चालवणारे नीट चालवतायत. म्हणजे सूट मिळते ती डिझाइनला, तुमच्यासमोर उभ्या असलेल्या त्या चाळीस वर्षांच्या बोटीला नाही. शिडं पोतं झाली असतील, बुडाला शेवाळ असेल, लॉकरमध्ये मागच्या मालकाचे दोन जादा अँकर आणि गंजलेली टूलबॉक्स पडून असेल, तर त्याचे सेकंद कुणी देत नाही, आणि ती तीन मिनिटं नुसतं घाणेरडं बूडच खाऊन टाकतं.

अजून एक गोष्ट आधी क्लबमध्ये विचारा, निकाल अंतरावर काढतात की वेळेवर. अंतरावर असेल तर वर सांगितलं तसं, सेकंद गुणिले मैल. वेळेवर असेल तर बऱ्याच ठिकाणी ६५० भागिले ५५० अधिक रेटिंग असा फॅक्टर काढून प्रत्येकाच्या वेळेला गुणतात. तुमच्याच बोटी घ्या, जे/२४ ला ५ मैलांना एक तास लागला तर दोन्ही पद्धतींनी तुम्हाला तीनच मिनिटं मिळतात. पण वारा पडला आणि त्याच ५ मैलांना तिला दोन तास लागले, तर अंतराच्या हिशोबात अजूनही तीनच मिनिटं आणि वेळेच्या हिशोबात सहा. त्यामुळे जिथे वारा बहुतेक मंद असतो आणि निकाल अंतरावर लागतो तिथे जड, हळू बोट घेणं म्हणजे सीझनभर हात चोळत बसणं.

आता खरा प्रश्न, चौघं. जे/२४ रॉड जॉनस्टनने काढलेली, १९७७ पासून विकायला आली, ५,००० हून जास्त बनल्या, आणि तिचं खरं मोल या आकड्यातच आहे कारण सुटे भाग, वापरलेली पण बरी शिडं, मास्टच्या, म्हणजे डोलकाठीच्या, वायरी किती ताणायच्या याचे तयार आकडे, सगळं मिळतं, कुणाला तरी विचारता येतं. पण ही बोट क्रूच्या वजनावर चालते, क्लास रूलमध्ये, म्हणजे फक्त जे/२४ च्याच रेसच्या नियमांत, क्रूची कमाल मर्यादा ४०० किलो आहे यावरूनच काय ते समजा, आणि स्पिनेकर, म्हणजे पाठीमागच्या वाऱ्यातलं फुगीर शीड, लावून नीट रेस करायची तर पाचजण लागतात. चौघांत चालते, मंद वाऱ्यात तर मजेत चालते, पण जोर आला की इतरांच्या आधी तुम्हाला शीड ढिलं सोडावं लागणार. शिवाय आत नुसतं वाकून बसता येतं, घरच्यांना फिरायला न्यायचं म्हणाल तर एकदाच येतील. कॅटलिना २७ उलट, आत जागा, स्वभाव शांत, याही हजारोंनी बनल्यात, पण त्यात साधी मास्ट आणि उंच मास्ट, आतलं इंजिन आणि बाहेरची मोटर असे प्रकार आहेत आणि रेटिंग त्याप्रमाणे बदलतं, तेव्हा २०६ हा आकडा नेमक्या त्याच प्रकाराचा आहे ना ते सर्टिफिकेटवर बघा.

माझं मत विचाराल तर चौघंही दर आठवड्याला नक्की येणार असाल आणि पाचवा गाठता येत असेल तर जे/२४. येतो येतो म्हणून ऐनवेळी दोघंच उगवणार असतील तर कॅटलिना, आणि स्पिनेकरशिवायच्या गटात नाव द्या. तो गट कमी दर्जाचा असतो असं काही लोक समजतात, समजू देत. आणि कुठलीही घ्या, एकूण पैशांपैकी निदान तिसरा हिस्सा बोटीच्या किमतीत घालू नका, तो शिडं आणि बूड यांच्यासाठी लागणारच आहे.

प्रश्न: जुन्या फायबरग्लासच्या बोटीत काय बघायचं? सर्व्हेअर लावायचाच आहे पण दहा बोटींना लावणं परवडत नाही, आधी स्वतः काही कळेल का?

उत्तर: बरंच कळतं. एक स्क्रूड्रायव्हर घ्या, त्याच्या प्लॅस्टिकच्या मुठीने डेकवर हलकं ठोकत चला, दर बोटभर अंतरावर. चांगल्या जागी आवाज टणक, कोरडा येतो, आणि जिथे आतला बाल्सा लाकडाचा थर पाणी पिऊन कुजलाय तिथे एकदम बद्द, मेलेला आवाज येतो. रेलिंगच्या खांबांच्या पायाशी, विंचच्या, म्हणजे दोर ओढायच्या चाकाच्या, खाली, मास्टच्या आजूबाजूला आणि वायरी जिथे डेकमधून खाली जातात त्या चेनप्लेटपाशी जास्त वेळ घालवा, कारण पाणी तिथल्याच बोल्टच्या भोकांतून शिरतं. मग त्याच जागी टाच दाबून उभे राहा, डेक किंचित दबला तर समजून जा. तळहाताएवढी जागा असेल तर दुरुस्त होते, अर्धा डेक बद्द वाजत असेल तर नाकापेक्षा मोती जड, सोडून द्या.

बोट पाण्याबाहेर असेल तर कील, म्हणजे बुडाखालचं जड पातं, आणि बूड जिथे जुळतात ती रेघ बघा, पुढच्या टोकाशी. तिथे केसाएवढी चीर बऱ्याच जुन्या बोटींत दिसते, जुन्या कॅटलिनामध्ये तर इतकी की तिला स्माइल असं नावच पडलंय. नुसती चीर म्हणजे लगेच पळ काढायचा असं नाही, पण त्यातून गंजाचं पाणी ओघळत असेल किंवा आत बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या खोलगट भागात, कीलच्या बोल्टांची डोकी फुगून पापुद्रे सुटत असतील तर मात्र गंभीर आहे. जे/२४ च्या सुरुवातीच्या बोटींत कीलच्या वरच्या खळग्यात व्हर्मिक्युलाइट नावाचं हलकं खनिज भरलेलं असायचं, ते पाणी शोषतं, तेव्हा तिथली जागा कुणी उकरून नीट भरलीय का हे मालकाला विचारा, खरा मालक असेल तर त्याला लगेच कळेल तुम्ही कशाबद्दल बोलताय. रडर, म्हणजे सुकाणू, हाताने धरून डावीउजवीकडे हलवा, खडखडला तर बेअरिंग झिजलंय, हे त्या मानाने छोटं काम. बुडावरचे फोड बघून लोक फार घाबरतात, थोडे असतील तर मी तरी त्यावर किंमत उतरवून घेईन आणि पुढे जाईन. मास्टच्या वायरी कधी बदलल्या ते मात्र कागदावर मागा, दहा-पंधरा वर्षं झाली असतील तर बऱ्याच विमा कंपन्या अडून बसतात.

प्रश्न: बोट घेतली, शिडं सगळीच जुनी निघाली. एकदम नवी घेणं शक्य नाही. आधी कुठलं घेऊ?

उत्तर: जेनोआ, म्हणजे पुढचं मोठं शीड, जर तुमच्या बोटीची ओढ त्याच्यावर असेल तर. सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच बोटींना पुढचं शीड अवाढव्य आणि मेन, म्हणजे मास्टमागचं शीड, छोटं असतं, तिथे अपविंड, म्हणजे वाऱ्याच्या रोखाने जाताना, सगळा जोर पुढून येतो. जे/२४ सारख्या फ्रॅक्शनल बोटीत, म्हणजे पुढचं शीड मास्टच्या टोकापर्यंत जात नाही अशा बोटीत, मेनही तितकंच महत्त्वाचं, तिथे जे जास्त थकलंय ते आधी. थकलंय का हे असं बघा, अपविंड जाताना बूमच्या, म्हणजे मेनच्या खालच्या आडव्या दांड्याच्या, मध्याखाली उभं राहून वर बघा, शिडाचा सगळ्यात खोल पोट असलेला भाग पुढून साधारण चाळीस ते पन्नास टक्क्यांवर हवा, तो सरकून पार मागे गेला असेल आणि दोरी कितीही ताणली तरी पुढे येत नसेल तर डेक्रॉन, म्हणजे शिडाचं कापड, ताणून गेलंय, शिवणकामाने ते परत येत नाही. अशा शिडाने बोट जास्त कलते आणि कमी पळते. ऑर्डर देण्याआधी जेनोआची टक्केवारी सर्टिफिकेटवर काय लिहिलीय बघा, पीएचआरएफचं बेस रेटिंग सहसा १५५ टक्क्यांपर्यंतच्या जेनोआवर असतं, लहान शिडावर कायम चालवणार असाल तर बऱ्याच ठिकाणी काही सेकंद मिळतात, मागितले तरच. पाण्याखाली न मिटणारा प्रोपेलर असेल तर त्याचंही तसंच, लोक जाहीरच करत नाहीत आणि मग निकालावर कुरकुर करतात.

प्रश्न: एक जुनी आयओआर हाफ टनर अक्षरशः मातीमोल भावात मिळतेय. बोट एकदम देखणी आहे. घेऊ का?

उत्तर: देखणी असतेच, तिथेच माणूस फसतो. आयओआर हा सत्तर-ऐंशीच्या दशकातला मोजमापाचा नियम, हाफ टन हा त्यातला एक गट, आणि कागदावर बोट हळू दिसावी म्हणून डिझायनर लोकांनी बोटींचे मागचे भाग चिमटल्यासारखे निमुळते केले, मधे पोट फुगवलं. अपविंड या बोटी अजूनही झकास जातात. पण वारा पाठीमागून जोरात आला आणि स्पिनेकर वर असला की त्या निमुळत्या बुडाला आधारच नसतो, बोट एका बाजूला झुकते, मग दुसऱ्या, मग रडर ऐकेनासं होतं आणि बूम आडवा होऊन सगळे पाण्यात बघत बसतात. अनुभवी क्रू असेल तर सांभाळते. तुम्ही क्रू किती आणि कसा ते लिहिलं नाहीत, म्हणून एवढंच सांगते की तिच्यासोबत शिडं किती येतायत ते मोजा, या बोटींना पुढची तीन-चार आणि स्पिनेकर दोन लागतात, बॅगा फक्त मोजू नका, उघडून गवतावर पसरून बघा. भाव मातीमोल का आहे ते बहुतेक तिथेच कळेल.