वाचकांचे प्रश्न : फायरवॉलची पेटी घ्यायची, पण कोणती?

प्रश्न : राम राम भाऊ. माझं कृषी सेवा केंद्र आहे, वरच्या मजल्यावर घर. फायबरची ३०० एमबीपीएसची एकच लाइन. तिच्यावरच बिलिंगचा कॉम्प्युटर, खताचं पॉस मशीन, आठ कॅमेऱ्यांचा डीव्हीआर आणि घरातले सगळे मोबाइल चालतात. मुलगा घरून नोकरी करतो. तो म्हणतो, इंटरनेट आणि आपल्या यंत्रांच्या मधे राहून काय आत-बाहेर जाईल ते ठरवणारी फायरवॉल स्वतः बांधू आणि हे सगळं वेगळं करू. पुतण्या जुना आय५ डेस्कटॉप फुकट देतोय, मुलाला मात्र आय७ची नवी छोटी पेटी हवी आहे. काय घ्यावं?
— एक वाचक, ता. चोपडा

उत्तर : राम राम भाऊ. फायरवॉलसाठी दोन्ही नका घेऊ. जळगाव-भुसावळकडची दुकानं मी बघत आलोय. आपल्या भागात अशा पेटीला काम जड जात नाही, तिला छळतात ते ऊन आणि लाइट. त्यामुळे पैसा प्रोसेसरवर घालू नका. तो नेटवर्क पोर्ट, वीज आणि गारवा यांवर घाला.

आधी फुकटच्या डेस्कटॉपचं बोलू. असा डेस्कटॉप नुसता चालू असला तरी ४०-५० वॅट खातो. ५० वॅट धरले तर रात्रंदिवस चालून महिन्याला ३६ युनिट होतात. एन१०० प्रोसेसरची बिनपंख्याची छोटी पेटी १२ ते १५ वॅटमध्ये भागवते, म्हणजे नऊ ते अकरा युनिट. शिवाय डेस्कटॉपचा पंखा दुकानातली धूळ ओढत राहणार, आणि लाइट गेली की इन्व्हर्टरवर त्याचा भार निराळा.

एन१०० हा इंटेलचा २०२३ सालचा प्रोसेसर. चार कोर आणि सहा वॅटची मर्यादा. तुमच्या ३०० एमबीपीएसला तो पुरून उरतो. पुढे एक जीबीपीएसची लाइन घेतली तरी साध्या फायरवॉलच्या कामाला कमी पडणार नाही. मुलाच्या ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसशी जोडणारी सुरक्षित वाट) त्याच्या लॅपटॉपवरच चालतं, पेटी फक्त वाट देते. आय७ त्यासाठी नको.

पोर्टकडे मात्र बारकाईने बघा. पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स हे फायरवॉलचं सॉफ्टवेअर टाकणार असाल तर दोन्ही फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर उभे आहेत, आणि तिथे इंटेलचे पोर्ट जास्त भरवशाचे. आय२२६-व्ही चिपचे चार पोर्ट असलेली पेटी घ्या. त्याआधीच्या आय२२५च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत दोष होते, म्हणून जुना माल स्वस्त मिळाला तरी सोडून द्या. रिअलटेकचे पोर्ट असलेली पेटी आधीच घरात असेल तर ती टाकू नका, तिच्यावर लिनक्सवरचं ओपनडब्ल्यूआरटी चालवा.

चारच पोर्ट का, तर तुमची वाटणी त्यांत चपखल बसते. एकात फायबरची लाइन, दुसऱ्यात दुकान, तिसऱ्यात घर, चौथ्यात डीव्हीआर. मग व्हीलॅन (एकाच तारेतून वेगवेगळी नेटवर्कं काढायची पद्धत) आणि त्यासाठीच्या मॅनेज्ड स्विचच्या भानगडीत पडायलाच नको. दुकानाला आणि घराला एकेक साधा स्विच पुरतो. तुमचे कॅमेरे टीव्हीसारख्या कोॲक्स केबलने डीव्हीआरला जोडलेले असतील, म्हणजे डीव्हीआरची पेटीकडे येणारी केबल एकच.

हा डीव्हीआर वेगळा काढणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मोबाइलवर कॅमेरे दिसावेत म्हणून कितीतरी दुकानांत डीव्हीआर सरळ इंटरनेटवर उघडून ठेवलेला असतो, पासवर्डही कारखान्यातून आलेला तोच. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरचे असेच डीव्हीआर आणि कॅमेरे ताब्यात घेऊन मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या होत्या. चौथ्या पोर्टला नियम लावा : डीव्हीआरने स्वतःहून ना बाहेर जायचं, ना दुकानात. बाहेरगावाहून बघायचं तर आधी वायरगार्ड या व्हीपीएनने पेटीत शिरायचं आणि मग कॅमेरे उघडायचे. मात्र लाइनवर मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यामधला असेल, तर तो अनेक ग्राहकांत वाटलेला आहे आणि बाहेरून वायरगार्ड थेट जोडणार नाही. कंपनीकडे स्थिर पत्ता मागा. त्याच फोनमध्ये ओएनटी (फायबर जिथे येऊन लागते तो कंपनीचा डबा) ब्रिज मोडवर टाकायलाही सांगा, म्हणजे लॉगिन पेटीच करेल.

मेमरी ८ जीबी, एकच पट्टी. या प्रोसेसरला मेमरीची वाहिनी एकच आहे. एसएसडी १२८ जीबीची, पण नावाजलेली. पेटीसोबत येते ती बहुधा कुठलीतरी असते, म्हणून रिकामी पेटी घेऊन हे दोन्ही जळगावच्या गोलाणी मार्केटमधून बिलावर घ्या. सॉफ्टवेअर टाकताना डिस्कसाठी झेडएफएस निवडा. अचानक लाइट गेली तरी ते तग धरतं.

आता ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि बिनपंख्याच्या पेटीचं अंग हेच तिचं रेडिएटर. प्रोसेसर १०५ अंशांपर्यंत सहन करतो, पण एनव्हीएमई एसएसडीची मर्यादा साधारण ७०, त्यामुळे आधी जीव जातो तो तिचा. पत्र्याखाली, वरच्या मजल्यावर किंवा इन्व्हर्टरच्या डोक्यावर पेटी ठेवू नका. खालच्या मजल्यावर भिंतीला उभी लावा, अंगावरच्या पट्ट्या उभ्या येतील अशी, म्हणजे गरम हवा वर निघून जाते. आणि खताच्या थप्प्यांपासून लांब! पोटॅश आणि युरियाची धूळ पावसाळ्यात ओल धरते आणि पोर्टचे धातूचे दात खाऊन टाकते. ही पेटी तुमच्या बिलिंगच्या टेबलामागेच शोभेल.

लाइटचं काम दोन गोष्टींत होतं. बायॉसमध्ये (पेटी चालू होतानाच उघडायच्या सेटिंगमध्ये) ‘रिस्टोअर एसी पॉवर लॉस’ला ‘पॉवर ऑन’ करा. नाहीतर लाइट आल्यावर पेटी झोपलेलीच राहील, आणि लाइनवर चालणारं पॉस मशीन अडलं की अनुदानाच्या खताची विक्रीच अडते. ऐन पेरणीत ते परवडणारं नाही. दुसरं, पेटी आणि ओएनटी दोघांना १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस द्या. दोन्ही अडॅप्टरवर लिहिलेले अँपिअर बेरीज करून घ्या. बाजारातले पुष्कळ यूपीएस दोनच अँपिअरचे असतात, तुम्हाला जास्त लागेल.

वायफाय कार्ड पेटीत बसवू नका, फ्रीबीएसडीला ते नीट जमत नाही. घरातला जुना राउटर डीएचसीपी (पत्ते वाटायचं काम) बंद करून, लॅन पोर्टात केबल घालून वापरा. पुतण्याचा डेस्कटॉप बिलिंगला ठेवा, तिथे तो चांगला चालेल.

प्रश्न : आमच्या मळ्यातल्या घरापासून पंपघर १४० मीटर लांब. कॅमेऱ्यासाठी नेटची केबल ओढली होती. मेमध्ये वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि दोन्हीकडचे स्विच गेले. आता फायरवॉलची नवी पेटी घेतोय. सर्ज प्रोटेक्टर कोणता लावू?
— एक वाचक, ता. रावेर (ताई)

उत्तर : ताई, प्रोटेक्टर शोधू नका, ती तांब्याची केबलच काढा. एक तर तिची हद्द १०० मीटरची. शिवाय जवळपास वीज पडली की दोन टोकांच्या जमिनींतल्या विजेच्या दाबाचा फरक त्याच तारेतून धावतो आणि थेट नव्या पेटीत शिरतो. तिथे फायबर टाका. काचेतून वीज जात नाही.

मात्र केबल टीव्हीवाल्यांच्या फायबरला आधाराची पोलादी तार असते, तशी घेऊ नका. ‘एफआरपीवाली, आत धातू नको’ असं स्पष्ट सांगा. जोडणी तुमच्या गावचा केबलवालाच करून देईल. दोन्हीकडे फायबर आणि नेटची केबल जोडणारे मीडिया कन्व्हर्टर लागतील. एका धाग्यावर चालणारे घेतलेत तर ते जोडीनेच घ्या, एक ‘ए’ आणि एक ‘बी’. एक १३१० नॅनोमीटरवर पाठवतो, दुसरा १५५० वर, त्यामुळे दोन ‘ए’ आणले तर एकमेकांशी बोलणार नाहीत. पंपघरातला कन्व्हर्टर मोटरच्या स्टार्टरच्या पेटीत बसवू नका, वेगळा डबा करा. आणि पंपघरात लावाल त्याच अक्षराचा एक जास्तीचा घरी आणून ठेवा : पुढच्या वळवात पंपघराकडचा गेलाच, तर बदलायचा तेवढाच.