मुलीला एचआयव्हीवर काम करायचंय, जाऊ देऊ का?

ऐरोलीहून एका आईने लिहिलंय. मुलगी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एचआयव्ही झालेल्यांची प्रतिकारशक्ती पेशी-उपचाराने परत आणायची, या विषयात तिला शिरायचंय. "तिलाच काही झालं तर? आणि लोकांना काय सांगायचं?"

ताई, एचआयव्ही स्पर्शाने किंवा एका डब्यात जेवल्याने पसरत नाही. लॅबमध्ये जपायचं ते मुख्यतः सुईपासून. टोचलीच तर ७२ तासांच्या आत औषध सुरू करून २८ दिवस घ्यायचं, हे ठरलेलं आहे. तसाही तिचा बराचसा दिवस पेशी सांभाळण्यात जाईल. हूडमध्ये, म्हणजे स्वच्छ हवेच्या बंदिस्त कपाटात, हात घालून फ्लास्कमधला गुलाबी मीडिया, म्हणजे पेशींचं पोषक द्रव, बदलायचा. त्यात बुरशीचा एक ठिपका दिसला की आठवड्याचं काम फेकून पुन्हा पहिल्यापासून. एवढा धीर तिच्याकडे आहे का, हे तिच्याशी बोला. मला काळजी वाटते ती याची.

विषय तिने फार चांगला निवडलाय. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या रोजच्या, गोळ्यांनी विषाणू दबतो, तरी काहींचा सीडी-४ काउंट, म्हणजे रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या टी-पेशींची संख्या, वर येतच नाही. बर्लिनमध्ये टिमोथी रे ब्राऊन यांना २००७ साली रक्ताच्या कर्करोगासाठी ज्या दात्याच्या मूळपेशी दिल्या, त्याच्या पेशींवर सीसीआर५ हे विषाणूला आत शिरायचं दारच नव्हतं. ब्राऊन एचआयव्हीतून बरे झाले. पण असं प्रत्यारोपण जिवावर बेतू शकतं, ते सरसकट करता येत नाही. मग अमेरिकेत १२ जणांच्या स्वतःच्याच सीडी-४ पेशी काढून, जनुकात बदल करून ते दार बंद केलं आणि पेशी परत दिल्या. काउंट वाढला, आजार गेला नाही. हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं.

म्हणजे काम अजून प्रयोगाच्या टप्प्यात आहे, निव्वळ त्याच्या भरवशावर राहू नका. पण टी-पेशी काढणं, बदलणं, वाढवणं हेच कसब कर्करोगाच्या कार-टी उपचारालाही लागतं; त्यात रुग्णाच्याच टी-पेशी बदलून कर्करोगाशी लढवतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, आणि टाटाचं अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र तुमच्या नवी मुंबईतच, खारघरला आहे. बायोटेक्नॉलॉजीच्या एम.एस्सी.साठी गॅट-बी ही प्रवेश परीक्षा द्यायला सांगा, प्रोजेक्टसाठी अ‍ॅक्ट्रेकला विचारून बघा, पुढे पीएच.डी.साठी नेट परीक्षा. एचआयव्हीचं खास काम पुण्याला भोसरीच्या 'निटवार' या सरकारी संशोधन संस्थेत (आधीचं नाव 'नारी') चालतं.

लोकांना सरळ सांगा, पोरगी एचआयव्हीच्या रुग्णांसाठी संशोधन करते. ऐकणाऱ्यांत कुणीतरी असेल, जो रोज रात्री दार लोटून गोळी घेतो.