सुरगाणा-पेठच्या पाड्यांसाठी फिरते दवाखाने वाढवले तर खरंच फरक पडेल का?

पडेल, पण नुसत्या गाड्या वाढवून नाही. आदिवासी-डोंगरी भागात ३,००० लोकांमागे उपकेंद्र आणि २०,००० मागे प्राथमिक आरोग्य केंद्र, हा सरकारी निकष. पाडे मात्र विखुरलेले. पावसाळ्यात ओढा आडवा आला की संपलं.

गाडीचा वार पक्का हवा, शक्यतो आठवडे बाजाराचा, आणि आशाताईंना आधी निरोप. बीपी-शुगरच्या गोळ्या पुढच्या फेरीपर्यंत पुरतील एवढ्या द्यायच्या, नाहीतर तपासणी फुकट. द्राक्षाच्या हंगामात बरेच जण दिंडोरी-निफाडच्या बागांवर मजुरीला असतात. तेव्हा गाडी तिकडे न्या, तीही संध्याकाळी. रोजगार बुडवून कोण येणार? सर्पदंश, अडलेलं बाळंतपण यासाठी मात्र १०८ च.