जुन्या गाडीच्या एसीत दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो. कायमचा उपाय काय?

पुन्हा गॅस भरण्याआधी गळती शोधून ती बंद करून घ्यावी, कारण एसीची यंत्रणा बंदिस्त असते आणि तिच्यातला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. दहा-पंधरा वर्षे चाललेल्या गाडीत बहुधा सांध्यांतल्या रबरी ओ-रिंग कडक झालेल्या असतात, कंडेन्सर (गॅसमधली उष्णता बाहेर सोडणारी पुढची जाळी) गंजलेला असतो किंवा कॉम्प्रेसरच्या (गॅस दाबणाऱ्या पंपाच्या) शाफ्टचे सील झिजलेले असते. नायट्रोजनचा दाब देऊन सांध्यांवर साबणाचा फेस लावला की नेमकी जागा बहुतेक वेळा सापडते. दुरुस्तीसाठी यंत्रणा उघडल्यास रिसीव्हर-ड्रायरही (यंत्रणेतला ओलावा टिपणारी डबी) बदलावा, कारण तो हवेतला ओलावा शोषून निकामी होतो, आणि त्यानंतर किमान अर्धा तास व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओलावा काढून मगच बॉनेटखालच्या पट्टीवर ग्रॅममध्ये छापलेल्या वजनाइतकाच गॅस भरावा. ‘थंड लागेपर्यंत’ अंदाजाने भरण्याची पद्धत अनेक गॅरेजांत रूढ आहे, पण जादा गॅसनेही थंडावा घटतो. मात्र गाडी धावताना हवा थंड आणि सिग्नलला थांबताच कोमट येत असेल, तर आधी कंडेन्सरचा पंखा तपासून घ्यावा.